देवराव सोनाजी तायडे, सरकारी नोकर

माझ्या बाबाला सही करता यायची. हे वाक्य मी आज, ऐंशी ओलांडल्यावर, पहिल्यांदा कागदावर उतरवते आहे. भावांना ते ठाऊक होतं, पण त्यांनी ते आपल्या बायकांनाही सांगितलं नाही. घरातल्या पोरांना आपला पणजोबा अंगठेबहाद्दर होता एवढंच माहीत. मागच्या दिवाळीत माझा नातू तसं हसत हसत म्हणाला, तेव्हा मी त्याला असं झापलं की सूनबाईच्या हातातला घास हातातच राहिला. पोरगं बिचारं गोंधळून गेलं. त्याचा काय दोष? ते खोटं आम्हीच इतकी वर्षं सांभाळलं. तोंडानं सांगायला गेले की माझा आवाज जातो, म्हणून लिहून मोकळी होते.

आमचं घर अकोल्यात, रुळांपासून इतकं जवळ की मालगाडी गेली की मांडणीतली भांडी वाजायची. पहाटे कापसाच्या जिनिंगचा भोंगा झाला की माय उठायची. दोन खोल्या, वर टिनाचे पत्रे, अंगणात कडुनिंब. जवारीच्या भाकरी, त्यांच्यासोबत चून म्हणजे पिठलं नाहीतर अंबाडीची भाजी, आणि मिरच्यांचा ठेचा असा की नवा पाहुणा डोळे पुसत जेवायचा आणि तरी पुन्हा मागायचा. मी थोरली, माझ्यामागे तीन भाऊ. बाबा एका सरकारी कचेरीत चपराशी होता. कोणत्या ते लिहीत नाही, त्या कचेरीनं माझ्या भावंडांची पोटं भरली आहेत. खाकी कोट, कमरेला पट्टा, पट्ट्यावर पितळेचा बिल्ला. तो बिल्ला बाबा दर रविवारी चिंचेनं घासायचा. आमच्या आजोबानं गावात येसकरकी, म्हणजे वेशीची राखण, केली होती, दारोदार शिळ्या भाकरी मागितल्या होत्या. त्यामुळे आमच्या वस्तीत ज्याला नोकरी लागली तो 'सरकारी नोकर' हे शब्द आडनावासारखे लावायचा. लग्नपत्रिकेतसुद्धा छापायचे लोक, आणि आम्हाला त्यात काही हसण्यासारखं वाटत नसे.

नागपूरहून दीक्षा घेऊन आल्यावर वस्तीनं आधी घरातले जुने देव काढले आणि मग मोठ्यांची शाळा काढली. मास्तर म्हणजे श्रीपतकाका. तो बाबाच्याच कचेरीत चपराशी, शिक्षण चौथीपर्यंतचं, पण आवाज हेडमास्तरचा. दिवेलागणीला विहारात वंदना झाली की कंदील मध्ये ठेवून तो पाट्या वाटायचा, आणि ज्यांच्या घरी दोन-दोन नातवंडं होती अशी माणसं पाटी मांडीवर घेऊन बसायची. बाबाला वाचायला शिकायचं नव्हतं. "वाचाले माही पोरगी हाय. मले फक्त माहं नाव लिहाचं हाय," असं त्यानं पहिल्याच दिवशी सांगून टाकलं. श्रीपतकाका म्हणायचा, "अबे देवा, दे. सो. तायडे लिही, लवकर सुटशीन." पण बाबाला पूर्ण नाव हवं होतं. तो काडी घेऊन अंगणात बसायचा आणि सगळं अंगण खरवडून ठेवायचा. माय सडा टाकायला यायची आणि म्हणायची, "सही करून राह्यला का वावर वखरून राह्यला?" बाबा मान वर न करता म्हणायचा, "पाय नको ठेवू, तिथं सोनाजी हाय."

एक पावसाळा आणि एक हिवाळा गेला, पण नाव आलं. देवराव सोनाजी तायडे. अक्षरं आधी सुटी सुटी मांडायची आणि शेवटी श्वास रोखून वरची रेघ एका दमात ओढायची, अशी त्याची रीत. रेघ सरळ आली की तो सोडलेला श्वास आम्हाला ऐकू यायचा. अडचण अशी होती की ही सही करायची कुठं? पगाराच्या दिवशी बडेबाबूंनी शाईचं पॅड पुढे सरकवलं तेव्हा बाबानं सांगून पाहिलं. बडेबाबू म्हणजे कचेरीतले हेडक्लार्क, मनानं चांगले. ते म्हणाले, "देवराव, रजिस्टरात तुहा अंगठा हाय. सही लावाची त अर्ज दे. साहेब मंजूर करन, मंग कर सही." तो अर्ज मी दिवाळीच्या सुट्टीत लिहून द्यायचा असं ठरलं. बाबानं त्याच्यासाठी चांगला रेघांचा कागद आणून ट्रंकेत ठेवला होता.

मी तेव्हा अमरावतीला कॉलेजात होते, वसतिगृहात राहत होते. आम्हाला रसायन शिकवायला एक बाई होत्या. पुण्याकडच्या, अविवाहित, सुती पातळ, बोलणं मोजकं. राजापेठेत एका सायकलच्या दुकानावर त्यांनी एक खोली घेतली होती आणि तिथं अणुबाँबच्या विरोधात काम करणारी त्यांची समिती चालायची. समिती म्हणजे बाई, एक रिटायर झालेले डॉक्टर आणि आम्ही फुकटचे मदतनीस विद्यार्थी. चक्रमुद्रण यंत्राचं हँडल फिरवणं, पत्रकांच्या घड्या घालणं, पाकिटं चिकटवणं, गावोगाव जाऊन सह्या गोळा करणं, ही आमची कामं. मी तिथं का गेले? खरं सांगायचं तर जगाच्या काळजीनं गेले नाही. बाईंच्या खोलीतल्या माठातलं पाणी मी माझ्या हातानं घेऊन प्यायचे आणि कुणी वळून पाहायचं नाही, म्हणून गेले. काळजी नंतर आली. बाईंनी जपानमधले फोटो दाखवले. भाजलेली माणसं शाळेच्या फरशीवर रांगेनं निजवलेली, त्यांत लहान लेकरं. अंगाला लावायला तेलसुद्धा उरलं नव्हतं, बाई म्हणाल्या. त्या दिवशी वसतिगृहात मला जेवण गेलं नाही, आणि दुसऱ्या दिवसापासून मी मनापासून काम करायला लागले.

माझ्यासोबत नलू देशमुख असायची. दर्यापूरकडच्या मोठ्या शेतकऱ्याची मुलगी, हसरी, तोंडाळ. आम्ही दोघी रविवारी एसटीनं जवळच्या गावांत जायचो. पारावर कागद पसरला की प्रश्न सुरू व्हायचे. "बाँब कोनच्या गावावर पडनार हाय, बाई?" कुणी विचारायचं, "इथं कागदावर सही केली त तो रशियावाला ऐकते का?" एक म्हातारा म्हणाला होता, "आमच्या गावावर टाकून त्याचा बाँब वाया जाईन." सगळे हसले, आम्हीही हसलो, आणि मग त्यानंच पहिला अंगठा दिला. ते सगळं खुलेआम चालायचं. भ्यायचं काहून? सरकारच तर रोज सांगत होतं की जगातले बाँब बंद झाले पाहिजेत. आम्हाला वाटायचं, आपण सरकारचंच काम फुकटात करून राहिलो.

आता माझी चूक सांगते. बाई म्हणाल्या होत्या, "नुसत्या नावांना वजन नसतं. माणूस काय करतो तेही लिहा." त्यांनी एवढंच सांगितलं होतं. नलूच्या गावात प्रत्येकापुढे 'शेतकरी' आलं, काम भागलं. मी कागद घेऊन अकोल्याला आमच्या वस्तीत गेले तेव्हा मात्र लोक रांग लावून उभे राहिले आणि प्रत्येकजण वाकून पाहायचा, मी त्याच्या नावापुढे काय लिहिते ते. "लिहिलं का, सरकारी नोकर?" मला चेव चढला. मी नुसतं 'सरकारी नोकर' लिहून थांबले नाही. कचेरीचं नाव लिहिलं, खातं लिहिलं, हुद्दा लिहिला, सगळं ठळक वळणदार अक्षरात. दिल्लीत कुणीतरी हा कागद वाचेल आणि म्हणेल, पाहा, ही माणसं काल कुठं होती आणि आज कुठं आहेत. असं काहीतरी माझ्या डोक्यात होतं. श्रीपतकाकानं कागद वरपासून खालपर्यंत वाचला आणि मग झोकात सही केली. बाबा सगळ्यांच्या शेवटी आला. हात धुऊन, कोट घालून आला. खऱ्या कागदावर शाईनं केलेली ती त्याची पहिली सही. रेघ ओढून झाल्यावर श्रीपतकाका म्हणाला, "पास." माय दारातून पाहत होती, ती पदर तोंडाला लावून आत गेली. मी शाई वाळेपर्यंत कागद हातात धरून उभी होते, आणि इतकी खूश होते की मला आज त्याची लाज वाटते.

सगळ्या कागदांची मी स्वच्छ यादी केली. मूळ कागद आणि यादी निवेदनाला जोडून बाईंनी ते एका मोठ्या साहेबाला नेऊन दिलं, दिल्लीला पाठवा म्हणून. आम्ही मुलीही गेलो होतो. साहेबांनी चहा पाजला.

मग चीनची लढाई आली. दिवाळीची सुट्टी लागेपर्यंत हवा अशी फिरली की ओळखू येईना. राजापेठेत पुतळे जाळले, बायकांनी लढाईच्या निधीला बांगड्या काढून दिल्या, आणि काल आमच्या पत्रकांवर मान डोलावणारे लोक विचारायला लागले की हत्यारं नको म्हणणारे हे कोण, कुणाचे हस्तक? बाईंच्या खोलीच्या दारावर कुणीतरी डांबरानं 'चिनी' असं लिहिलं. सायकलवाल्यानं घाबरून खोली खाली करायला सांगितली. बाई भावाकडे पुण्याला निघून गेल्या. जाताना मला चिठ्ठी ठेवली, 'तुझ्याजवळचे कागद जाळून टाक.' माझ्याजवळ कुठले आलेत कागद? कागद आम्हीच नेऊन दिले होते, चहा पिऊन. बाईंचा राग मी पुष्कळ वर्षं धरला. पण खातं, हुद्दा, कचेरी हे त्यांनी लिहायला सांगितलं नव्हतं, हे मला तेव्हाही कळत होतं.

कुणीतरी ती यादी बाहेर काढली. सरकारी नोकरानं कसल्याही चळवळीच्या कागदावर नाव घालायचं नाही असा नियम होता, आणि शांततेच्या दिवसांत तो कुणाला आठवला नव्हता. बाबाच्या कचेरीतून बाबाला आणि श्रीपतकाकाला एकाच दिवशी नोटीस मिळाली. शोधायला काही त्रास पडला नसणार, पत्ता माझ्याच अक्षरात होता. मी सुट्टीला घरी आले तेव्हा बाबा अंगणात बिल्ला घासत बसला होता आणि तो वार रविवार नव्हता. नोकरी गेली तर तीन भावांच्या शाळा, दोन वेळची भाकर, सगळंच जाणार होतं. माझ्या कॉलेजचं तर कुणी नावही काढत नव्हतं.

बडेबाबू संध्याकाळी स्वतः घरी आले. आमच्या घरी ते कधी आले नव्हते. खाटेवर टेकले, पाणी प्यायले आणि म्हणाले, "देवराव, एक रस्ता हाय. सर्विस बुकात तुहा अंगठा, पगाराले अंगठा, सगळीकडं अंगठा. तुले लिहाले येत नाई, हे सरकारच म्हनते. मंग ही सही तुही कशी?" बडेबाबू माझ्याकडे वळले, "पोरीनं केली. कालेजातली पोर, हौसेखातर बापाचं नाव टाकलं. पोरीले काय, दटावतीन अन् सोडतीन." मग माय बोलली. "असंच करा. सही गेली चुलीत." बाबा माझ्याकडे पाहायला लागला. मी नाही म्हणावं अशी त्याची इच्छा होती, हे मला स्पष्ट दिसत होतं. मी म्हटलं, "बाबा, तिघायच्या शाळा हायेत." त्यानं मान खाली घातली आणि म्हणाला, "हाव. लिही काय लिहाचं ते." बडेबाबूंनी सांगितलं तसा जबाब मी लिहिला, तोही अर्जासाठी आणून ठेवलेल्या त्याच रेघांच्या कागदावर, कारण घरात दुसरा चांगला कागद नव्हता. जाताना बडेबाबू म्हणाले, घरात त्याच्या हाताचं काही ठेवू नका. मायनं त्याची नाव गिरवायची वही चुलीत घातली.

चौकशीला आलेले साहेब सभ्य होते. शुद्ध बोलायचे, कुणाला अरे-तुरे करत नव्हते. आम्हाला तिघांना एकाच खोलीत बोलावलं. आधी श्रीपतकाका.

"ही सही तुमची?"

"हाव."

"फसवून घेतली असं लिहून दिलंत तर प्रकरण ताकीद देऊन मिटवता येईल."

"फसवून काहून घेतीन, साहेब? वाचून सही केली. बाँब नाई पाह्यजे असं सरकारच म्हनत होतं."

"आता देश लढतो आहे."

"हाव. पन सही त तवाची हाय."

साहेबांना ते उर्मट वाटलं असावं. श्रीपतकाका उर्मट नव्हता, आमच्याकडे असंच बोलतात. साहेबांनी काहीतरी लिहिलं आणि विचारलं, "तायडेंना तुम्हीच अक्षरं शिकवलीत असं कळतं." हे कुणाच्या ध्यानात आलं नव्हतं, बडेबाबूंच्याही नाही. श्रीपतकाकानं बाबाकडे एकदा पाहिलं. मग म्हणाला, "शिकवलं, साहेब. दोन वर्सं डोकं फोडलं त्याच्याशी. नाई आलं. डोक्यातच नाई बसत त्याच्या." आपल्या शाळेतला सगळ्यात जिद्दी विद्यार्थी नापास झाला असं सांगताना त्याचा आवाज जरासुद्धा हलला नाही.

मग साहेबांनी कोरा कागद आणि टाक बाबापुढे ठेवला. "काहीही काढा. जमेल तसं." बाबानं टाक मुठीत धरला, आम्ही लहानपणी खुरपं धरायचो तसा, आणि कागदावर दाबला. निब फाकली, शाईचा डाग पडला. त्या डागातून त्यानं दोन वाकड्या रेघा ओढल्या, एक कागदाबाहेर टेबलावर गेली. तो इतकं हुबेहूब करत होता की क्षणभर मलाच वाटलं, याला खरंच येत नाही. त्याच्या कपाळावर घाम होता. साहेब हसले. वाईट नाही हसले, लहान मुलाला हसावं तसं हसले. म्हणाले, "राहू द्या, राहू द्या." आणि माझ्याकडे वळून म्हणाले, "सही तू केलीस?"

"हो."

"कॉलेजात शिकतेस. बापाच्या नावानं सही ठोकण्यापेक्षा बापाला सही करायला शिकवावंसं नाही वाटलं?"

मी म्हटलं, "चुकलं, साहेब." बाबा शेजारी उभा होता. जबाब वाचून दाखवला गेला, 'मी निरक्षर असून सदर सही माझी नाही.' पॅडचं झाकण उघडण्याआधीच बाबानं अंगठा पुढे केला होता.

परतताना तो एका नळावर थांबला आणि अंगठा धुत राहिला. शाई गेली तरी धुत होता. मागे बायका घागरी घेऊन खोळंबल्या, तेव्हा मी त्याचा हात धरून त्याला बाजूला केलं.

बाबाची नोकरी राहिली. श्रीपतकाकाला काढलं. पाट्या गोळा करून त्यानं त्या विहाराच्या कोपऱ्यात रचून ठेवल्या आणि धारणीकडे जंगलात एका लाकडाच्या ठेकेदाराकडे मजुरांची हजेरी मांडायच्या कामावर गेला. जाण्याआधी जेवायला आला होता. मायनं त्याच्यासाठी मुद्दाम पुरण घातलं. दोघं शेजारी जेवले. उठताना श्रीपतकाका म्हणाला, "देवा, वाईट नको वाटून घेऊ. तुही पोरं लहान हायेत." दुसऱ्या पावसाळ्यात तिकडेच हिवतापानं तो गेला. काकू बार्शीटाकळीला माहेरी जाऊन राहिली. मला आजवर तिच्या दारात जायची हिंमत झाली नाही, आणि आता ती असेल असं वाटत नाही. नलूच्या वडिलांचीही सही होती त्या कागदावर. शेतकऱ्याला शेतावरून कोण काढणार?

पुढे आपणच बाँब उडवला. आमच्या कॉलनीत पेढे वाटले. शेजारच्या मुलानं ताट पुढे केलं, मी पेढा घेतला आणि खाल्ला. नाही म्हणायची सवय माझी चौकशीच्या त्या खोलीतच मोडली होती.

कॉलेज मी पुरं केलं, शिक्षिका झाले. पहिलीचा वर्ग मी स्वतःहून मागून घ्यायचे. किती पोरांची बोटं हातात धरून त्यांची नावं गिरवून घेतली, हिशेब नाही. बाबा मात्र महिन्याच्या महिन्याला अंगठा देत राहिला. एकदा खोटं सांगितलं की ते पाळावं लागतं. नवे साहेब आले, नवे क्लार्क आले, त्यांतला एखादा म्हणायचा, काका, सही तरी शिकून घ्या आता. बाबा म्हणायचा, "डोक्यात नाई बसत, बापू."

तो निवृत्त झाला त्या दिवशी गळ्यात हार घालून घरी आला, नारळ मायच्या हातात दिला आणि खाटेवर बसला. मी मुद्दाम अमरावतीहून आले होते. पाहुणे गेल्यावर मी त्याच्यापुढे पाटावर कोरा कागद ठेवला, माझं पेन उघडून हातात दिलं. म्हटलं, "बाबा, आता कोनाचं भेव हाय? कर सही." तो हसला. कागद सरळ केला, पेन नीट बोटांत धरलं, अगदी श्रीपतकाकानं शिकवलं होतं तसं. 'दे' काढला. मग थांबला. मला वाटलं, भरून आलं असेल. मी वाट पाहिली. त्यानं 'दे' पुन्हा गिरवला आणि माझ्याकडे पाहिलं.

"पुढचं काय असते वं?"

मी म्हटलं, "हात धरून काढून देऊ?"

त्यानं पेनाला टोपण लावून ते माझ्या हातात दिलं. "राहू दे," तो म्हणाला. "मले येत नाई."